फौजीचं भाषण

पौषातल्या सकाळी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत धुकं उतरलं की आधी समोरची घरं जातात, मग रस्ता जातो, आणि शेवटी आपलं फाटक तेवढं उरतं. आमच्याकडे या धुक्याला धुवारी म्हणतात. तूर फुलावर असताना धुवारी आली तर फूल जळतं, म्हणून शेतकऱ्याच्या घरात तिचं नाव कुणी आनंदानं घेत नाही. परवा मी चहा घेऊन ओट्यावर उभी होते. रस्त्यावरून प्रचाराचा ऑटो जात होता. ऑटो दिसत नव्हता, त्याच्यावरचा भोंगा तेवढा ऐकू येत होता. "ज्यांनी आपल्या पायाची बोटं बर्फाला दिली, पण पाय मागे घेतला नाही, त्या फौजीसाहेबांच्या सूनबाईंना..." आवाज नालवाडीच्या बाजूला गेला, विरला, आणि कुठल्या तरी गल्लीतून फिरून पुन्हा माझ्याच फाटकाशी आला.

ते वाक्य माझं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी, अशाच झेडपीच्या निवडणुकीच्या हिवाळ्यात, मी ते शाळेच्या वहीच्या कागदावर लिहिलं होतं.

फौजीसाहेब म्हणजे माझा चुलतभाऊ दिगंबर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आमचं गाव देवळीच्या बाजूचं. दहावीनंतर तो रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचा आणि परत येऊन आमच्या विहिरीवर पाय धुवायचा. एक दिवस तो भरतीला गेला आणि घेतला गेला. त्याच भरतीत शेजारच्या गावचा शालिक होता. दोघं एका पलटणीत, एका तंबूत. सुटीवर दोघं एकाच एसटीतून उतरायचे. पायाचं मापही एकच होतं. एकमेकांचे बूट घालून हिंडायचे, ते सगळ्यांना माहीत होतं.

कारगिलच्या उन्हाळ्यात शालिक पेटीतून आला. दिगंबर तीन महिन्यांनी दवाखान्यातून आला, डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून. गावानं बँड लावला होता. तो जीपमधून उतरला, सगळ्यांना सलाम केला, आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पुढचे दोन हिवाळे मी त्याला तसंच पाहिलं. कापूस फुटला तरी तो वावरात जाईना. काकू म्हणायची, जा रे, वेचणीवर लक्ष ठेव. तो म्हणायचा, "पांढरं पाहू वाटत नाई मले." काकूनं एकदा खिडकी उघडली तर त्यानं उठून ती लावून घेतली. खिडकीतून आमचं कपाशीचं शेत दिसायचं.

अशा माणसाला राजकारणात कोण नेणार? पण बन्सीशेट आले. बन्सीशेटचं वर्ध्यात कापसाचं दुकान, तीन पिढ्यांचं. स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. उभं कुणी राहायचं ते ठरवायचे. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी दिगंबरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीणबाई, लोकांले रस्ता दिला तं दोन पावसाळ्यात इसरतात. फौजी दिला तं नाई इसरत. आपल्याले फक्त एक भाषण पाह्यजे. तुम्ही लिहा. तो वाचून दाखवीन."

मी तेव्हा हायस्कूलात मराठी शिकवत होते. वक्तृत्व स्पर्धेची भाषणं लिहून द्यायची मला सवय होती. मला वाटलं, भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस निदान लोकांकडे तोंड करून उभा राहील. हे मी स्वतःला सांगितलं. आपण लिहिलेलं हजार माणसं ऐकतील, हेही मला हवं होतं, ते मी स्वतःला सांगितलं नाही.

मी दिगंबरला विचारलं, वर काय झालं ते सांग. त्यानं चार वाक्यं दिली. "वर चढलो. फायरिंग झालं. शालिकले लागलं. मी खाली आलो." पाचवं वाक्य नाही. चार वाक्यांवर भाषण होत नाही.

रविवारची दुपार होती. मी मागच्या ओट्यावर लिहायला बसले. बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून धुवारी आठवून बर्फ लिहिला. डोंगर लिहिला, गोळ्या लिहिल्या. सगळं पाठ्यपुस्तकासारखं होत होतं. शेजारच्या अंगणात कुणीतरी सारवत होतं. ओल्या शेणाचा वास येत होता आणि हाताचा सरसर आवाज. नंतर मी वाचून पाहिलं तेव्हा कागदावर एक परिच्छेद होता जो लिहिल्याचं मला नीटसं आठवेना. अक्षर माझंच. त्यात शालिक बर्फात पडला आहे, आणि तो दिगंबरला म्हणतो आहे, "दिगू, माहे बूट काढून दे बावा. माय सारवून राह्यली, बुटानं घरात कसा जाऊ?" आणि दिगंबर त्याचे बूट काढतो, आणि शालिक डोळे मिटतो.

संध्याकाळी दिगंबर आला. ओळीखाली बोट ठेवून तो वाचत गेला, लहानपणी वाचायचा तसा. त्या ओळीवर बोट थांबलं.

"हे तुले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. मनानं लिहिलं."

"मनानं?"

"खोटं वाटतं का? काढून टाकू?"

त्यानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग म्हणाला, "राहू दे." जाताना उंबऱ्याशी थांबला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बुटाचं मी कोनालेच सांगतलं नाई, ताई. दवाखान्यातबी नाई."

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर त्या काट्यात भीतीपेक्षा सुख जास्त होतं. पुढं कित्येक वर्षं मी असंच धरून चालले होते की शालिकला आपलं शेवटचं कुणाला तरी सांगायचं होतं आणि त्यानं माझा हात घेतला.

पहिली सभा शालिकच्याच गावात, बाजाराच्या मैदानावर. सकाळचे दहा वाजले होते तरी धुवारी उठली नव्हती. मागे बसलेल्यांना व्यासपीठ दिसत नव्हतं, व्यासपीठावरच्यांना मागची माणसं दिसत नव्हती. दिगंबर लंगडत माईकपाशी गेला. सुरुवातीला अडखळला. मग तो परिच्छेद आला आणि त्याचा आवाज बदलला. कागद खाली गेला. "माय सारवून राह्यली" हे त्यानं पाठ म्हटलं, हळू, जवळच्या कुणाला सांगावं तसं. मैदानात कुणी खोकलं नाही. माईकची घरघर तेवढी ऐकू येत होती.

सभा संपल्यावर पुढच्या सतरंजीवरून एक बाई उठून आल्या. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, पंचेचाळिशी ओलांडलेल्या. शालिकची आई, गिरजाबाई. त्या सभेला येतील हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी दिगंबरचा हात धरला.

"त्याच्या पायात बूट नव्हते रे. पेटीत मी चाचपून पाह्यलं. नुसते मोजे होते. साहेबाले विचारलं, तहसीलीत विचारलं, कोनीच सांगे ना. मले वाटे, माह्या पोराचे बूट कोनी नेले?" मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी सारवतच होती, दिगू."

मी व्यासपीठाच्या पायरीशी उभी होते. आमच्या भागात मातीच्या घरात दर दोन-तीन दिवसांनी सारवण असतंच, त्यात नवल काय, असं मी मनाशी म्हटलं. तरी खाली उतरून त्यांच्यापाशी जायला मी धजले नाही.

दुसऱ्या सभेला त्या होत्या. तिसऱ्यालाही. कधी एसटीनं, कधी कुणाच्या बैलबंडीतून, कधी चालत. धुवारीतून सतरंज्यांची पहिली रांग दिसायला लागली की त्यात हिरवं लुगडं असायचंच, आम्ही पोचायच्या आधीच. भाषण सुरू झालं की त्या डोळे मिटून बसायच्या. शालिक बर्फात पडला की डोळे उघडायच्या. त्याचे बूट निघाले की उठायच्या आणि भाषण चालू असतानाच निघून जायच्या. पहिल्या रांगेत त्यांची जागा तशीच रिकामी राहायची. तिथं कुणी सरकत नसे. बन्सीशेटना हे फार आवडलं. त्यांनी गिरजाबाईंना व्यासपीठावर खुर्ची देऊ केली. त्या म्हणाल्या, "खालीच बरं हाय. तितून याचं तोंड दिसते."

दिगंबर निवडून आला. गुलालानं त्याचे केस लाल झाले होते आणि तो हसत होता. लढाईनंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. पुढं सगळं पटापट झालं. सदस्याचा सभापती झाला. नळयोजना आणली, दोन शाळांना छत आणलं, हेही खरं आहे. लोक त्याच्या दारी येत आणि तो त्यांचं ऐकून घेत असे. काम तो मनापासून करायचा. कपाशीचं शेत मात्र त्यानं बटाईनं देऊन टाकलं.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. त्यानं मला निरोप धाडला की भाषण नवं पाहिजे, त्यात शालिक नको. मी रस्ते, पाणी, शाळा असं लिहून दिलं. त्या सभेला मीही गेले होते. गिरजाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. रस्ते झाले, पाणी झालं, शाळा झाल्या, टाळ्या झाल्या. माणसं उठली. खुर्च्या एकात एक घालून रचून झाल्या. मंडपवाल्यांनी सतरंज्या गुंडाळत आणल्या आणि पहिल्या सतरंजीपाशी येऊन ते थांबले. गिरजाबाई डोळे मिटून बसल्याच होत्या.

"मावशी, संपलं," मंडपवाला म्हणाला.

"नाई संपलं," त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत.

शेवटी दिगंबर जीपमधून उतरून परत आला. सतरंजीवर त्यांच्यासमोर बसला, दुखरा पाय लांब करून. माईक नाही, माणसं नाहीत. रिकाम्या मैदानात त्यानं त्यांना एकट्यांना तो परिच्छेद म्हणून दाखवला. बूट निघाले. त्यांनी डोळे उघडले, उठल्या, आणि बस थांब्याकडे चालू लागल्या. मंडपवाल्यांनी सतरंजी गुंडाळली.

त्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, तो माझ्या घरी आला. तोवर मी पिपरी मेघेत राहायला आले होते. गाडी नाही, कार्यकर्ते नाहीत, एसटीनं आला होता. मी पाणी दिलं. ते हातात धरून तो म्हणाला, "ताई, ती मले सोडत नाई."

"कोण? गिरजाबाई? आई आहे रे ती. तिला ऐकावंसं वाटतं."

"तुले एक सांगू का? शालिकनं बूट काढ म्हनलं नाई."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"माहे बूट फाटले होते. बर्फ आत गेलता. बोटं काळी पडलीच होती. शालिकले पोटात लागलं होतं, तो वाचनार नव्हता. मले दिसतच होतं का वाचनार नव्हता. मी त्याचे बूट काढले अन् घातले." त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तो मेला नव्हता, ताई. बूट काढले तवा त्यानं डोळे उघडले. मले म्हने, दिगू, थंडी वाजून राह्यली रे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला एवढंच आठवतं की मी त्याच्या पायांकडे पाहायचं टाळत होते.

"तुह्या कागदात बूट पाह्यले तवा मले वाटलं, ही पाहून राह्यली होती. मंग वाटलं, शालिकनंच माफ केलं, मनून असं लिवून घेतलं. मंग ते सांगत गेलो. सांगता सांगता मले तसंच दिसाले लागलं. आता खरं आठवावं लागते."

मी म्हटलं, जाऊन त्यांना सांग. मला वाटलं मी योग्य तेच सांगते आहे. तो म्हणाला, तू चाल.

गिरजाबाई दारात सुपात तूर पाखडत होत्या. आम्ही ओट्यावर बसलो. दिगंबरनं सगळं सांगितलं, फाटक्या बुटांपासून. त्याचं सांगणं भाषणासारखं नव्हतं. वाक्यं तुटत होती. त्यांचं सूप थांबलं नाही. फोलपटं वाऱ्यावर उडत होती. तो गप्प झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "थंडी वाजते म्हनला?"

"हो, माय."

"मंग सारवायचं कोनं सांगतलं?"

दिगंबरनं माझ्याकडे पाहिलं. "ताईनं लिवलं ते."

गिरजाबाईंनी पहिल्यांदाच मला नीट पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. मनानं लिहिलं, मावशी. चुकलं माझं."

"मनाले कोनं सांगतलं?"

दोन तरुण एकमेकांचे बूट घालून हिंडायचे हे मला माहीत होतं, सारवणाचा आवाज शेजारून येत होता, एवढं मी मोजून सांगू शकते. पण पेटीत चाचपलेल्या त्या मोज्यांचं मला काही माहीत नव्हतं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. शिव्या देतील, रडतील, दिगंबरला हाकलून देतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या दिगंबरला म्हणाल्या, "मंग आता भाषणात कोनतं सांगशीन?"

"कोनतंच नाई, माय. मी आता उभाच नाई राहत."

"राह्यजो," त्या म्हणाल्या. "अन् पैलंच सांगजो. लोकांले बी, मले बी." आणि उठून आत चहा ठेवायला गेल्या. आम्ही तो चहा प्यायलो.

तेव्हापासून तो दर निवडणुकीत उभा राहिला. एकदा आमदार होऊन मुंबईपर्यंत गेला, एकदा पडला, पुन्हा आला. लोक म्हणत, फौजीला खुर्चीची हाव सुटली. मी मात्र पुन्हा कुणाला भाषण लिहून दिलं नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आली की दुसऱ्या बाईंकडे काम द्यायचे. एकदा वर्ध्याच्या बसस्टँडवर दिगंबर भेटला, चारी बाजूंनी माणसं. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि कानाशी म्हणाला, "कालपावतर सतरा सभा झाल्या, ताई. सतराही सभेले ती होती."

परवा त्या ऑटोचा भोंगा माझ्या फाटकाशी फिरून आला तेव्हा मी ठरवलं की जायचं. मी निवृत्त झालेय, दिगंबरला गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला, आणि गिरजाबाई सत्तरीच्या पलीकडे आहेत. सभा त्याच दिवशी दुपारी बाराची होती. ऊन पडलं होतं, पण शेतांवर अजून पांढरट काही तरी रेंगाळत होतं. सूनबाई चांगलं बोलल्या, मुलगी हुशार आहे. मग दिगंबर उठला. एक हात सुनेच्या खांद्यावर, एक हात माईकवर. पहिल्या रांगेत गिरजाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पाठ वाकली होती. ओठ हलत होते.

तो डोंगर चढला. फायरिंग झालं. शालिक पडला. आणि दिगंबर थांबला. त्याचं तोंड उघडं होतं, पण शब्द येत नव्हता. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी कुजबुजलं. मला पुढचं वाक्य माहीत होतं. मग दिगंबरच्या तोंडून आवाज आला, पण वाक्य दुसरंच होतं. "थंडी," तो म्हणाला. "थंडी वाजून..."

"बूट काढून दे बावा," गिरजाबाई खालून म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. माईकशिवाय तो मैदानभर ऐकू गेला. त्यांचे डोळे उघडे होते आणि दिगंबरवर होते.

"माहे बूट काढून दे बावा," दिगंबर म्हणाला. त्या एक ओळ म्हणत, मागून तो तीच म्हणे. असं शेवटपर्यंत. लोकांना वाटलं हे ठरवून केलेलं आहे. पुष्कळांनी डोळे पुसले, कुणी मोबाइलवर टिपून घेतलं. मग गिरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि निघाल्या.

मी मागोमाग गेले. मैदानाच्या कडेला प्रचाराची गाडी उभी होती. अलीकडे गिरजाबाई याच गाडीतून सभांना जातात, वयामुळे. ड्रायव्हरनं त्यांना हात देऊन मागच्या सीटवर बसवलं. मी खिडकीशी उभी राहिले. इतक्या वर्षांचा प्रश्न मला विचारायचा होता.

"मावशी, खरं माहीत असून का ऐकता?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "खरं माह्यापाशी हाय ना. ते मी घरी ठेवलं. पन त्यात तो तितंच पडून हाय, थंडीत. हे ऐकते तवा तो दारापर्यंत येते." मग व्यासपीठाकडे पाहून म्हणाल्या, "आत नाई येत अजून. याले पुढचं येतच नाई. तू तेवढंच लिवलं."

भाषण संपलं होतं. दिगंबर सुनेच्या आधारानं गाडीकडे येत होता. त्यानं मला पाहिलं, पण ओळख दिली की नाही ते कळलं नाही. तो पुढच्या सीटवर बसला आणि त्यानं काच वर केली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

गिरजाबाई सीटवर पलीकडे सरकल्या. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "पुढची सभा चारले हाय. तोपावतर होईन तुहं लिवून."

सूनबाईंनी कागद-पेन माझ्या हातात दिलं; गिरजाबाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असावं. मी बसले.